थोरल्या घराकडं गेलेल्या तक्रारी

समोरचा माणूस सभ्यपणानं बोलायला लागला की अंजनाला आधी धडकी भरायची. कोर्टाच्या फाटकाशी टाइपरायटर मांडून बसायची तेव्हापासूनचा तिचा हा अनुभव. आरडाओरडा करणारा पक्षकार घटकाभरानं आपणच चहा सांगायचा, पण 'बाई, एक जरा विनंती होती' म्हणत जो वाकायचा, त्याचा अर्ज हमखास सख्ख्या भावाला घराबाहेर काढण्याचा असायचा. म्हणून एप्रिलातल्या त्या सकाळी, साताऱ्यात पोवई नाक्यामागच्या तिच्या गाळ्यात, पुण्याचा फोन एकदाचा लागला, मोडेमचं किंचाळणं थांबलं, पडद्यावर परदेशातून आलेलं पत्र उमटलं आणि त्याची पहिलीच ओळ 'तुम्हाला त्रास देतो आहे, माफ करा' अशी निघाली, तेव्हा तिचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. तो खांदा वर्षभर दुखत होता. टाइपरायटरनं इतकी वर्षं बडवून घेऊन तो कधी दुखवला नव्हता. कॉम्प्युटरनं, ज्याला म्हणे नुसतं बोट लावलं तरी पुरतं, त्यानं तो कामातून घालवला होता.

पत्र येन्स नावाच्या माणसाचं होतं. डेन्मार्कातल्या एका गावात तो शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी थोरल्या घरचं छपाईचं काम बघायचा. थोरलं घर हा अंजनाचा शब्द. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था कुणा एकाच्या मालकीची नाही, हे एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिला कळलं तेव्हा ते तिला खरंच वाटलं नव्हतं. मालक नसलेली वस्तू तिनं तोवर पाहिलीच नव्हती. पण खरं होतं. देशोदेशींची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून तिचे तुकडे करायची, दुरुस्त करायची, आणि त्यांतल्याच काहींनी मिळून ते सगळे तुकडे पुडक्यापुडक्यांत नीट लावून एक मोठा संच बांधला होता. ज्याला हवा त्यानं घ्यावा, बदलावा, पुढं वाटावा. त्या सगळ्या माणसांना मिळून ती थोरलं घर म्हणायची. तोच घेऊन अंजनानं आणि तिच्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, आपला एक वेगळा संच काढला. पावत्यांवर मराठी अक्षरं उमटवणारा, भंगारात निघालेल्या यंत्रावरही चालणारा, वीज कितीदा गेली तरी उठून बसणारा. मिलिंदनं त्याचं नाव 'माहुली' ठेवलं, आणि नाव ठेवून झाल्यावर पुष्कळसे बाप करतात तेच केलं, म्हणजे लक्ष काढून घेतलं. बँकेत होता तो. बदली घेऊन सांगलीला गेला. वेगळी मांडलेली चूल तेव्हापासून अंजना एकटीच फुंकत होती. साताऱ्यातल्या पतसंस्था, शिरवळचा एक वर्कशॉपवाला, आटपाडीचं औषधांचं दुकान, तासगावच्या नाथाजींचं बेदाण्याचं अडत दुकान, असा तिचा पसारा. आणि दर वेळी थोरल्या घराचा नवा संच आला, की आपण केलेला प्रत्येक बदल पुन्हा त्याच्यावर चढवायचा. शिवलेला झगा दर वर्षी उसवून नव्या अंगावर परत शिवावा तसं. या वर्षीची नवी सीडी टेबलावर येऊन पडली होती आणि तिनं अजून वेष्टनसुद्धा फोडलं नव्हतं.

येन्सनं लिहिलं होतं, 'गेले काही महिने मला एका अनोळखी भाषेत पत्रं येतात. अक्षरं इंग्रजी आहेत, शब्द नाहीत. शाळेतला एक सहकारी म्हणाला फिनिश असेल. फिनलंडच्या माणसाला दाखवलं तर तो रागावला. पत्रं कुठून कुठून आली ते त्यांच्या डोक्यावर असतं, त्या वाटेनं मागं येत येत तुमच्या यंत्रापर्यंत पोचलो. तुम्ही आमचं काम घेऊन आपलं केलंत याचा मला आनंदच आहे. पण तुमच्या छपाईच्या पुडक्यावर अजून माझं नाव आणि आमच्याच आवृत्तीचा क्रमांक आहे. आत मात्र मी न केलेलं काहीतरी आहे. पत्रांना जोडून आलेल्या नोंदींवरून दिसतं, की छपाई चालू असताना तिचं कुलूप कुणीतरी तोडतं. तो चोर मी कित्येक संध्याकाळी माझ्या घरात शोधला. माझ्याकडं नाही. तुम्ही काही बदललं आहे का? मला दाखवाल? आणि पुडक्यावर कृपा करून तुमचा पत्ता घाला, म्हणजे तुमच्या माणसांच्या तक्रारी आधी तुमच्याकडं येतील. तुमची असेल ती तुम्ही मिटवा, आमची असेल ती आमच्याकडं पाठवा. पाठवताना एकेक वेगळी पाठवा आणि का केलं ते लिहा.'

खाली त्यानं ती पत्रं जोडली होती. सगळी तासगावची. नाथाजींची सून रेश्मा त्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर चालवायची. तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. अंजना वाचायला लागली तेव्हा नाक्यावर भाजीचे टेम्पो येत होते, वाचून संपलं तेव्हा ते रिकामे होऊन निघून गेले होते, एवढं तिला नंतर आठवलं. पहिलं पत्र माघातलं. 'नमस्कार. मी तासगावहून रेश्मा. दोन पावत्या एकात छापून येतात. काय करावं?' मग, 'नमस्कार साहेब. काल ज्योतिबा आप्पांचे बेदाण्याचे बॉक्स हंबीररावांच्या पावतीवर आले. मामंजी म्हणतात माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी चित्त थाऱ्यावर ठेवून परत छापलं. परत तसंच आलं.' मग, 'साहेब रागावू नका, पण ज्योतिबा आप्पा चारचौघांत म्हणाले बायकांच्या हातात काटा दिल्यावर असंच व्हायचं.' आणि शेवटचं, आठवड्यापूर्वीचं, 'बेदाण्याचे सौदे निघाले की मला इथून उठवणार आहेत. उत्तर नाही दिलं तरी चालेल, वाचता का तेवढं कळवा.'

आता हे असं का झालं, तर दोन चांगल्या गोष्टींमुळं झालं. वाईट गोष्टीनं झालं असतं तर अंजनाला इतकं लागलं नसतं. तासगावला कॉम्प्युटर होता, पण इंटरनेट नव्हतं. रेश्मा जे लिहायची ते फ्लॉपीवर उतरून आधी सांगलीला आणि तिथून सातारा गाडीच्या कंडक्टरबरोबर यायचं आणि अंजना सकाळी पुण्याचा फोन लावून ते सगळं एका दमात सोडून द्यायची. बाजारभाव, दिल्लीच्या व्यापाऱ्यांचे निरोप आणि काय काय. उघडून कधी बघायची नाही. कोर्टाच्या फाटकाशी लोकांचे घटस्फोट आणि मारामाऱ्या टाइप करून करून तिनं स्वतःला एक शपथ घातली होती, की पोटासाठी वाचावं लागेल तेवढंच दुसऱ्याचं वाचायचं. म्हणजे रेश्माची हाक तिच्याच हातून, तिच्याच फोनवरून, तिनंच डेन्मार्कला धाडली होती, दर आठवड्याला. आणि दुसरी गोष्ट पुडक्यावरच्या नावाची. माहुलीत शेकडो पुडकी होती आणि प्रत्येकावर ती करणाऱ्याचं नाव, पत्ता. 'अडचण आल्यास यांना लिहा.' मिलिंद म्हणाला होता, ताई, आपलं नाव घालून टाकू सगळीकडं, चकाचक दिसेल. अंजना त्याच्या अंगावर धावून गेली होती. दुसऱ्यानं केलेल्या कामावरचं नाव खोडून आपलं घालायचं? ज्यांच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं नाव लागलं नाही, त्यांच्या पोरांनी हे करायचं? तिनं एकही नाव खोडलं नव्हतं. जिथं आतलं बदललं तिथंही नाही. तो तिला माजोरडेपणा वाटला असता. आणि आता हा गणिताचा मास्तर सभ्यपणानं सांगत होता, की बाई, तुमच्या भलेपणापायी मी माझ्याच घरात चोर शोधत बसलो.

दाखवाल? या शब्दाशी ती अडली होती. कुलूप तोडणारं जे काही होतं ते तिनंच केलं होतं, हे पहिल्या वाचनातच तिला कळलं होतं. पण तो चोर नव्हता. तिच्या सगळ्या कामातली तिला सगळ्यांत आवडणारी गोष्ट होती ती. छपाई सुरू झाली की यंत्र स्वतःला कुलूप लावतं, म्हणजे एकाचं छापून होईतो दुसऱ्याचं मध्ये घुसत नाही. पण मध्येच वीज गेली की कुलूप लागलेलंच राहायचं. वीज आली तरी यंत्र समजायचं, आत कुणीतरी छापतंय, आणि बाहेर ताटकळत बसायचं. तासगावात वीज जायची तेव्हा आधी सांगून थोडीच जायची. तेव्हा अंजनानं असं केलं, की थोडा वेळ वाट बघायची आणि तरी कुलूप निघालं नाही तर तोडायचं. महिनाभर पुस्तकं वाचून, न कळणारं इंग्रजी तीनतीनदा वाचून तिनं ते लिहिलं होतं. दोन वर्षं सुरळीत चाललं होतं. थोरल्या घराला हे कधी सुचलं नव्हतं. कारण, तिला वाटायचं, त्यांच्याकडं वीज जातच नसेल. ही एक गोष्ट होती, जी फक्त आपल्या अंधारानं आपल्याला शिकवली.

थोरलं घर. शब्द तिनं थट्टेत उचलला होता, पण तो कुठून उचलला ते आता त्या सकाळी तिला टोचायला लागलं. आण्णांच्या गावात पाटलाच्या घराला थोरलं घर म्हणायचे. तिचे वडील आण्णा तेव्हा विशीतले. थोरल्या घरात कुणी गेलं की सांगावा घेऊन गावोगाव धावायचं ते यांच्या आळीनं, रात्र असो, ओढ्याला पाणी असो. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आळीनं हे सगळं एका दिवसात सोडलं. त्यानंतर महिन्याभरातच थोरल्या घरची म्हातारी गेली. माणूस आला, दारात उभा राहून म्हणाला, चला. आण्णांचे वडील बाहेर गेले, हात जोडले आणि म्हणाले, न्हाई. आण्णा दाराआड होते. ही गोष्ट अंजनानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की त्या दाराच्या फळीला कुठं भेग होती तेसुद्धा तिला माहीत होतं, आणि प्रत्यक्षात ती त्या गावात जेमतेम दोनदा गेली होती. फुकट राबायचं नाही आणि न बोलावता कुणाच्या दारात जायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की शेजारणीला वाटीभर साखर देतानासुद्धा तिचा हात उंबऱ्याच्या आतच थांबायचा. थोरल्या घराचं घेतलं खरं. पण ते सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवलेलं होतं, पाणपोईवरचं पाणी प्यावं तसं घेतलं. उलट काही नेऊन द्यायचं, तेही त्यांनी छान म्हणावं म्हणून, हे तिच्यानं होईना. आणि छान नाही म्हणाले तर? तिच्या इंग्रजीला हसले तर? खरं तर ही पुढची भीतीच मोठी होती. आजोबांचे जोडलेले हात तिनं त्या भीतीपुढं नुसते उभे केले होते, हेही तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. असं तिच्याबाबतीत पुष्कळदा व्हायचं.

त्याच दिवशी दुपारी तासगावहून नाथाजींचा फोन आला. लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस. फोनवरसुद्धा सावधानमध्ये उभा असल्यासारखा बोलायचा.

"जयहिंद बाई. सोमवारपासनं सौदं सुरू. मी त्या पोरीला मशीनवरनं हटवतोय. पुतण्या हाय माझा, साईराज, त्येला बसवतो. येऊन त्येला ट्रेनिंग द्या."

"रेश्मा चांगली चालवते की नाथाजीराव."

"चांगली? आवं दोन गड्यांचा माल एका पावतीवर काढतीया! ज्योतिबा माझ्या दारात येऊन बोंबलतोय. माझी वीस वर्सांची अडत, असा इन्सल्ट न्हाई झाला कवा. आता तुमीच सांगा, मशीन करतंय का ह्ये?"

इथं अंजना म्हणू शकली असती, की असेल, मशीनही करत असेल, मला बघू द्या. जीभ तिथपर्यंत आली होती. पण त्या कुलपाच्या जागी दोन वर्षांचा अभिमान बसलेला होता.

"मशीन असं करणार नाही," ती म्हणाली.

"मंग? मी तरी काय म्हणतोय?" नाथाजी म्हणाले, आणि त्यांना हवा तो रिपोर्ट मिळाल्यासारखा फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिला धड सांगता आलं नसतं. सकाळी गाळा उघडायची, येन्सचं पत्र उघडायची, 'आदरणीय महोदय' लिहायची आणि खोडायची. पतसंस्थेचा माणूस यायचा, त्याचं व्याजाचं कोष्टक लावून द्यायची. मध्येच नव्या सीडीकडं बघायची. तिच्यावर आपले सगळे बदल चढवायचे म्हणजे सगळा मे महिना, सगळा खांदा. यंदा आपल्यानं होणार नाही, हे तिला त्या दिवसांत पहिल्यांदा शब्दांत दिसलं, आणि दिसल्यावर रडूबिडू आलं नाही, नुसतं जांभईसारखं काहीतरी आलं. मिलिंदला सांगलीला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, बंद कर ना ते. कोण विचारतंय? सगळ्यांना दुसरं घालून दे आणि मोकळी हो." तो प्रेमानंच म्हणत होता. मोकळी होऊन कुठं जाऊ, असं तिला विचारायचं होतं, पण त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली आणि त्याची बायको काहीतरी म्हणाली, आणि तिनं 'बरं' म्हटलं. डोळे मिटले की रेश्मा दिसायची. तिला ती एकदाच भेटली होती, यंत्र बसवायला गेली तेव्हा. आटपाडीची पोर, बी. कॉम. झालेली, दुष्काळी गावची असल्यामुळं की काय, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायची. पहिली पावती छापून निघाली तेव्हा तिनं ती कागदाच्या कडेनं धरून फुंकर मारली होती, शाई ओली असेल म्हणून. आणि बाहेर शेडमध्ये बायका बेदाणा निवडत होत्या, त्यांच्याकडं एकदा बघून खुर्ची जरा पुढं ओढून घेतली होती. त्या ओढलेल्या खुर्चीचा अर्थ अंजनाला न सांगता कळला होता. कोर्टाच्या फाटकाशी तिनंही आपलं स्टूल असंच ओढून घेतलं होतं एकदा.

रविवारी सकाळी आण्णा सदरबझारच्या घराच्या ओट्यावर रेडिओ घेऊन बसले होते. सांगली केंद्रावरून हळदीचे, गुळाचे भाव सांगत होते. आण्णांचं हळदीशी किंवा गुळाशी काही देणंघेणं नव्हतं, पण भाव ऐकल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. अंजना पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सोपं करून सांगायचं म्हणून सांगायला लागली आणि मध्येच लक्षात आलं, की सोपंच होतं.

"त्या परदेशी मानसानं बोलावलं का तुला?" आण्णांनी विचारलं.

"बोलावलं न्हाई. काय बदललंय ते दाखवा म्हणलाय."

"आनि न्हाई दावलं तर काय करंल?"

"काय करणार? काय न्हाई करणार."

"कायच न्हाई?"

"न्हाई आण्णा. गप बसंल. त्याचं त्याचं काम करंल."

आण्णांनी रेडिओचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पाटील गप न्हवता बसला. इहीर बंद केली हुती आमची." आणि जरा चिडूनच, "ह्यो मास्तर हाय गं. मास्तरला वही दावायला तुला पयल्यापासनं भ्या वाटतं. सातवीत गणिताची वही चुलीत घातली हुतीस, म्हाईत हाय मला. उगं माझ्या बापाला मधी घेऊ नकोस. चा ठेव."

चहा ठेवला. आणि चहा उकळत असताना अंजनाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःचं हसू आलं, थकलेलं, पण आलं.

सोमवारी तिनं पाठवलं. आदरणीय महोदय काढून टाकलं, जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात लिहिलं. चोर माझा आहे. हा असा आहे. आमच्याकडं वीज जाते, म्हणून केला. आणि पुडक्यावर तुमचं नाव ठेवलं ते मान म्हणून. तुम्हाला त्रास होईल हे सुचलं नाही. पाठवून झाल्यावर तिला अंगावरचं लुगडं वाऱ्यानं उडाल्यासारखं वाटलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं होतं. येन्सनं आधी लिहिलं होतं, की वीज गेल्यावर कुलूप तसंच राहतं हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आमच्या गावात एकदा वादळात वीज गेली होती, ती मुलांना अजून सणासारखी आठवते. तुमची ही दुरुस्ती आम्हाला हवी आहे. मग, तशाच सभ्य आवाजात, 'फक्त एक विचारतो. तुम्ही ठरावीक वेळ वाट बघून कुलूप तोडता. पण आत खरंच कुणी छापत असेल आणि त्याचं काम त्या वेळात संपलंच नाही, तर?'

साताऱ्यात, या टेबलावर, अंजनानं ते तपासून बघितलं होतं ते चिमुकल्या पावत्यांवर. तासगावची जुनी खडखडणारी छपाईची मशीन, हंगामात आलेला माल, गावंच्या गावं भरून येणारे बॉक्स, हातभर रुंद कागदावर छापल्या जाणाऱ्या याद्या. एक यादी निघेपर्यंत माणूस चहा पिऊन कपबशी विसळून परत येईल. आणि तेवढ्यात तिचं कुलूप तोडणारं यंत्र म्हणत असणार, फार वेळ झाला, आत कुणी नाही, फोडा. म्हणजे हंबीररावांचं छापणं चालूच, आणि ज्योतिबाला आत ढकलून दिलेलं. गेल्या हंगामात नाथाजींचा माल थोडा होता. यंदा दुप्पट. रेश्माचं चित्त थाऱ्यावरच होतं. सगळ्या तासगावात तिचंच तेवढं होतं. येन्सनं पुढं लिहिलं होतं, की तोडण्याआधी नुसतं विचारायचं, कुलूप लावणारा अजून जिवंत आहे का. असेल तर थांबायचं. एवढं बदललंत की हे आम्ही तुमच्या नावानं आमच्यात घेऊ. मग पुढच्या संचात ते आधीपासूनच असेल, तुम्हाला दर वेळी परत चढवावं लागणार नाही. बाकीही काही बदल असतील तर असेच एकेक पाठवा.

परत चढवावं लागणार नाही. हे वाक्य तिनं पुन्हा वाचलं नाही. पण खांद्यानं ते वाचलं. दुपारपर्यंत तिनं बदल केला, मुद्दाम लांबलचक यादी छापायला लावून तपासला, येन्सला पाठवला. आणि मग छपाईच्या पुडक्यावरचं येन्सचं नाव तसंच ठेवून त्याच्याखाली एक ओळ घातली. हे अंजना सोनवणे, सातारा, यांनी बदललं आहे. अडचण आल्यास आधी त्यांना लिहा. क्रमांकापुढं माहुलीची खूण जोडली. फ्लॉपी या खेपेला तिनं कंडक्टरच्या हातात दिली नाही. बुधवारच्या पहिल्या गाडीनं स्वतः निघाली, सांगलीला उतरून तासगावची गाडी धरली. मिलिंदचं घर स्टँडपासून जवळ होतं, गेली नाही.

तासगावात सौद्यांची गर्दी होती, ट्रॅक्टर आणि टेम्पो आणि फेटे. नाथाजींच्या दुकानात कॉम्प्युटरपुढं साईराज बसला होता, कपाळावर गॉगल चढवून, आणि यंत्राला एक शिवी देत होता. अंजनानं फ्लॉपी घातली, नवं चढवलं, लांब यादी छापत असताना दुसरी पावती सोडली. दुसरी बाहेर थांबली. पहिली संपल्यावरच आत गेली. मग ती नाथाजींकडं वळली आणि तिथं बसलेल्या चारदोन शेतकऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "चूक मशीनची होती. मशीनची म्हणजे माझी. रेश्माची नव्हती."

नाथाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, त्या दिशी फोनवर तुमीच म्हणला, मशीन आसं करत न्हाई."

"म्हणाले. चुकीचं म्हणाले."

"चार दिस आदी सांगिटलं असतं तर..." त्यांनी साईराजकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता बसवलाय पोराला. उठवला तर भाऊ रुसंल माझा, घरात दोन तोंडं हुत्याल. सौदं सरू द्या. मंग बगू."

सौदे सरले की दुकानात माशा मारायचं काम उरतं, हे अंजनालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

रेश्मा मागच्या शेडमध्ये बायकांच्या ओळीत बेदाणा निवडायला बसली होती, डोक्याला फडकं बांधून. शेजारची सुलाबाई अंजनाला बघून म्हणाली, "आली गं तुजी काम्पुटरवाली. बस म्हणावं, दोन बॉक्स निवडू लाग." बायका हसल्या. रेश्मा हसली नाही. तिचे हात चालूच राहिले. काडी वेगळी, काळपट दाणा वेगळा.

"चूक माझी होती," अंजना म्हणाली. "मामंजींना सांगून आले."

"ऐकलं. भिंत पातळ हाय."

"तुझी पत्रं माझ्याकडं यायला हवी होती. ती भलतीकडं जात होती, डेन्मार्कला. तिथल्या माणसानं परत पाठवली. आता माझा पत्ता घातलाय. यापुढं काही अडलं तर..."

"यापुढं मला काय अडतंय?" रेश्मा म्हणाली. काळपट दाणा तिनं जरा जोरानंच बाजूला टाकला. मग, हात न थांबवता, "त्येंनी वाचली का पर? त्या तिकडच्या मानसानं?"

"सगळी वाचली. एक शब्द कळला नाही त्याला. तुझी भाषा कुठली म्हणून गावभर विचारत फिरला."

रेश्माच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि तिनं ते आत ओढून घेतलं. "आनि तुमी?"

"मी आता वाचली. मागच्या आठवड्यात."

"मग उत्तर द्या की."

"कशाचं?"

"पत्रांचं. मी लिवलीत न्हवं? एकाचं बी उत्तर आलं न्हाई मला."

अंजना उभीच होती. पाय दुखत होते, सकाळपासून पोटात नुसता सांगलीच्या स्टँडवरचा चहा होता, परतीची गाडी चुकत होती. तिनं बेदाण्याचा एक रिकामा क्रेट पालथा घातला, रेश्माच्या समोर ओढला आणि त्यावर बसली. गंधकाच्या धुरीचा वास नाकातोंडात गेला.

"कुठल्यापासून देऊ?"

"पयल्यापासनं," रेश्मा म्हणाली. आणि मान वर न करता, शाळेत उभं राहून म्हणावं तसं पाठ म्हणून दाखवलं, "नमस्कार. मी तासगावहून रेश्मा. दोन पावत्या एकात छापून येतात. काय करावं?"

बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"नमस्कार रेश्मा," अंजना म्हणाली. "तू काही करू नकोस. तू छापलंस ते बरोबर होतं. दुरुस्त मला करायचं आहे. उत्तराला उशीर झाला."

रेश्मानं हातातली काडी मोडून खाली टाकली.

"आता दुसरं," ती म्हणाली.